बंदी असलेला आवाज : जर्मन ताब्यातले चेक लोक, अफवा आणि परदेशी रेडिओ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धातल्या चेक लोकांविषयी लिहिलं की तेच ते प्रश्न येतात. लंडनचा रेडिओ खरं बोलत होता का? लोक अफवांवर विश्वास कसा ठेवायचे? नुसतं ऐकल्याबद्दल फाशी व्हायची का? त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. माझं मत आधीच सांगते. ज्या देशात छापलेल्या शब्दावरचा विश्वास उडाला होता, तिथे कुजबूज हेच लोकांचं वर्तमानपत्र झालं होतं. त्या कुजबुजीला नुसतं खरं-खोटं या तराजूत तोललं, तर तिने माणसांकडून काय करवून घेतलं आणि त्यांचं काय नुकसान केलं ते दिसत नाही.

नेमका कोणता प्रदेश आणि कोणता काळ?

१५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं आणि दुसऱ्याच दिवशी हिटलरने ‘बोहेमिया व मोराविया संरक्षित प्रदेश’ जाहीर केला. स्लोवाकिया आदल्याच दिवशी वेगळा झाला होता, त्यामुळे इथली गोष्ट मुख्यतः चेक लोकांची आहे. राष्ट्राध्यक्ष एमिल हाखा आणि चेक मंत्रिमंडळ नावाला कायम राहिलं. खरी सत्ता राइश-संरक्षकाकडे, म्हणजे हिटलरने नेमलेल्या प्रतिनिधीकडे, आणि त्याचा सचिव कार्ल हेर्मान फ्रांक याच्याकडे होती. मे १९४५ पर्यंत हा कारभार चालला.

लोकांनी आपल्याच वर्तमानपत्रांवर विश्वास का ठेवला नाही?

कारण ती आपली उरलीच नव्हती. नावं तीच, टाइप तोच, पण मजकूर सेन्सॉरच्या हातचा. कोणती बातमी कुठल्या पानावर आणि किती मोठ्या मथळ्याने द्यायची याचे हुकूम यायचे. रेडिओचीही तीच गत झाली.

तरी पहिल्या दिवसांत काही माणसांनी फटी शोधल्या. १९ मार्च १९३९ ला वेन्सेस्लास चौकात जर्मन सैन्याचं संचलन झालं. त्याचं धावतं वर्णन करायला फ्रांतिशेक कोत्सोउरेक हा लोकप्रिय निवेदक बसला होता. रणगाडे आणि तोफांचं वर्णन करता करता त्याने मध्येच सांगितलं, की दूरवरून एक प्रचंड काळा कावळा चौकावर आला आहे आणि पंख पसरून घिरट्या घालतो आहे. ऐकणाऱ्यांना जे समजायचं ते समजलं. पुढे गेस्टापोने, म्हणजे जर्मनांच्या गुप्त पोलिसांनी, त्याला अटक केली आणि १९४२ मध्ये आउश्वित्झच्या छावणीत त्याचा अंत झाला. एका वाक्याची एवढी किंमत असेल, तर लोक उघड बोलणं सोडून कानाशी का लागले हे वेगळं सांगायला नको.

लंडनहून चेक भाषेतलं प्रसारण कधी सुरू झालं? कोण बोलायचं?

८ सप्टेंबर १९३९ ला बीबीसीचं नियमित चेक प्रसारण सुरू झालं. पहिलं भाषण यान मासारिक यांचं, म्हणजे चेकोस्लोवाकियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलाचं. ‘सूडाची घटका आली आहे’ असं ते म्हणाले, आणि जे नाव मी लावतो त्या नावाने सांगतो की ही लढाई आपण जिंकू, सत्याचा विजय होईल, अशी ग्वाही त्यांनी दिली. मासारिक हे आडनाव चेक घरांत देव्हाऱ्यातल्या नावासारखं होतं, त्यामुळे त्या एका वाक्याचं वजन फार मोठं. मासारिक बोलायचेही घरगुती, ओट्यावर बसून बोलावं तसे. लोकांना तेच आवडायचं.

त्यांच्याशिवाय परागंदा राष्ट्राध्यक्ष एडुआर्ड बेनेश, हुबर्ट रिप्का आणि प्रोकोप दर्तिना बोलायचे. दर्तिना ‘पावेल स्वाती’ या टोपणनावाने बोलत. टोपणनावामागे कारण होतं. परदेशात गेलेल्यांचे नातेवाईक मायदेशीच होते, आणि १९४२ च्या शरद ऋतूपासून जर्मनांनी अशा नातेवाइकांना मोरावियातल्या स्वातोबोर्झित्से इथल्या छावणीत डांबायला सुरुवात केली. लंडनच्या माइकसमोरच्या माणसाला आपल्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून बोलावं लागत होतं.

परदेशी रेडिओ ऐकल्याबद्दल खरंच मृत्युदंड होता का?

हो, कायद्यात होता. १ सप्टेंबर १९३९ च्या जर्मन फर्मानाने परदेशी स्टेशन ऐकणं गुन्हा ठरवलं. नुसत्या ऐकण्याला सक्तमजुरी आणि ऐकलेलं पसरवण्याला, प्रकरण गंभीर मानलं गेलं तर, मृत्युदंड. ही प्रकरणं जर्मन विशेष न्यायालयांपुढे चालत. नुसतं ऐकलं म्हणून प्रत्येकाला फाशी झाली असं नाही, पण शेजाऱ्याला बोलावून ऐकवलं, टिपून घेतलं, पुढे पाठवलं, की गुन्ह्याचं वजन वाढत जायचं.

प्रत्येक रेडिओच्या खुंटीला एक छोटं पुठ्ठ्याचं कार्ड अडकवलेलं असे. त्यावर छापलेलं असायचं : लक्षात ठेवा, परदेशी रेडिओ ऐकण्यास मनाई आहे आणि त्याला सक्तमजुरी किंवा मृत्युदंडाचीही शिक्षा आहे. कार्ड काढून टाकलं तर तेवढ्यावरूनही संशय यायचा. म्हणजे लंडन लावायचं तर ही धमकी बोटांनी बाजूला सारून खुंटी फिरवायची, आणि ऐकून झाल्यावर काटा पुन्हा प्रागवर आणून ठेवायचा. काटा लंडनवर राहिला आणि झडतीवाला आला, तर साक्षीदाराची गरज नव्हती.

जर्मनांनी रेडिओमधून शॉर्टवेव्हच काढून टाकल्या म्हणतात. मग लोक ऐकायचे कसे?

या प्रश्नाचं उत्तर देताना मला दर वेळी त्या लोकांचं कौतुक वाटतं.

चेकोस्लोवाकिया हा रेडिओवाल्यांचा देश होता. १९३७ मध्येच तिथे परवानाधारक श्रोत्यांची संख्या दहा लाखांवर गेली होती. एवढे संच जप्त करणं जर्मनांना परवडणारं नव्हतं, कारण त्यांनाही आपला प्रचार त्याच पेट्यांतून ऐकवायचा होता. म्हणून युद्धाच्या मधल्या काळात, १९४३ च्या सुमाराला, सगळ्या संचांमधला शॉर्टवेव्हचा भाग काढून घेण्याचा हुकूम निघाला. लोकांनी रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे न्यायचा, तिथे कॉइल काढली जायची आणि पेटी मुकी होऊन घरी यायची.

त्यावर तोडगा निघाला तो ‘चेर्चिल्का’. चर्चिलच्या नावावरून पडलेलं हे लाडाचं नाव. हातात मावेल एवढी तारेची गुंडाळी आणि जोडीला एखादा कंडेन्सर. रेडिओच्या आत योग्य जागी ती बसवली की शॉर्टवेव्ह पुन्हा जिवंत. जरा हात बसलेल्या माणसाला ती घरी करता येत असे. ऐकून झालं की उपसून काढायची आणि लपवायची, कारण सापडली तर तोच पुरावा. कॉइल काढून घेण्याचं काम ज्या कारागिरांवर लादलं होतं, त्यांच्याच हातांना ती परत कशी बसवायची हेही ठाऊक होतं.

शिवाय जर्मनांची खरखर होतीच. प्रसारणाच्या लहरींवर मुद्दाम गोंगाट सोडला जायचा. एरियलची दिशा बदलायची, एका लहरीवरून दुसरीवर जायचं, पेटीवर गोधडी टाकून कान लावायचा. लंडनचं प्रसारण सुरू होताना वाजणारे ढोलाचे ठोके तेवढे भिंतीपलीकडे जाऊ नयेत याची सगळ्यांना धास्ती असायची.

ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता त्यांच्यापर्यंत बातमी कशी जायची?

कर्णोपकर्णी. एक जण ऐकायचा आणि सकाळी कारखान्यात, दुधाच्या रांगेत, आगगाडीच्या डब्यात ती बातमी निघायची. ती प्रवासात बदलायची. लंडनने सांगितलं असायचं ‘बॉम्बहल्ला झाला’, चार तोंडांनंतर ‘शहर बेचिराख झालं’. रेडिओवरची बातमी आणि अफवा या दोन वेगळ्या वस्तू होत्या असं समजणं इथेच चुकतं. बातमी घराबाहेर पडायची तीच अफवेच्या वेशात. कुठून कळलं, हे सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. म्हणून बातमीचं मूळ प्रत्येकाला लपवावं लागे, आणि मूळ लपलं की खऱ्या बातमीत आणि बनवलेल्या बातमीत फरक करायला काही उरत नसे. या कुजबुजीला चेक लोक ‘शेप्तांदा’ म्हणत.

भूमिगत छापखानेही होते. ‘व बोय’ हे नियतकालिक १९३९ पासूनच परदेशी प्रसारणांतला मजकूर छापून हातोहात वाटत होतं. प्रसिद्ध चित्रकार वॉयतेख प्राइसिग त्याच्या कामात होते, ते १९४४ मध्ये डाखाउच्या छावणीत मरण पावले. त्यांची कन्या आणि सहकारी इंका बेर्नाश्कोवा यांचा ऑगस्ट १९४० मध्ये बर्लिनला शिरच्छेद झाला.

ज्यू कुटुंबांचे रेडिओ तर १९३९ च्या शरद ऋतूतच काढून घेतले होते. ज्यांना बातमीची सर्वांत जास्त गरज होती, त्यांनाच सर्वांत आधी बहिरं केलं गेलं.

कोणत्या प्रकारच्या अफवा असायच्या?

सर्वांत जास्त, सुटकेच्या. वसंत ऋतूत संपेल, नाताळपर्यंत संपेल, फ्रेंच येणार, रशियन विमानं येणार. मे १९४१ मध्ये हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस विमान घेऊन स्कॉटलंडला उतरला आणि जर्मन रेडिओनेच ते कबूल केलं, तेव्हा तर तर्कवितर्कांना ऊत आला. जुनी भाकितंही बाहेर निघाली. सिबिलाचं भविष्य आणि ‘आंधळ्या तरुणा’चं भविष्य वह्यांत उतरवून फिरायचं. ब्लानिक डोंगराच्या पोटात संत वात्स्लावचे शूर घोडेस्वार झोपले आहेत आणि राष्ट्रावर घोर संकट आलं की ते बाहेर पडतील, ही दंतकथा प्रत्येक चेक मूल ऐकत आलेलं. ती पुन्हा लोकांच्या तोंडी आली.

दुसरा प्रकार भीतीचा. चेक लोकांना सरसकट पूर्वेकडे हाकलणार, मुलांची वंशतपासणी करणार, अशा बोलवा होत्या. अधिकृत उत्तर : निव्वळ कंड्या. पण त्या शरद ऋतूत राइश-संरक्षकाचा कारभार हाती घेतलेल्या राइनहार्ड हायड्रिख या एसएसच्या (नाझींच्या सशस्त्र संघटनेच्या) सेनापतीने २ ऑक्टोबर १९४१ ला प्रागच्या चेर्निन प्रासादात बंद दाराआड केलेल्या भाषणात नेमकं हेच मांडलं होतं. जर्मन करून घेण्याजोगे लोक ठेवायचे, उरलेल्यांना पूर्वेकडे घालवायचं. क्षयरोगाच्या तपासणीचं निमित्त करून वंशाची पाहणी करण्याची तयारीही झाली. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. ज्या अफवेला वेड्यांचा बाजार म्हणून झटकलं जात होतं, ती सरकारी खुलाशापेक्षा सत्याच्या कितीतरी जवळ होती. रस्त्यावरच्या माणसाला कागद दिसत नव्हते, पण कुठेतरी पाणी मुरतंय हे दिसत होतं.

तिसरा प्रकार म्हणजे काम करवून घेणारी कुजबूज. ज्या म्युनिक कराराने चेक सीमाभाग हिटलरला देऊन टाकला त्याच्या वर्षदिनी, ३० सप्टेंबर १९३९ ला, प्रागच्या लोकांनी ट्रामवर बहिष्कार टाकला. पत्रकं आणि तोंडोतोंडी निरोप एवढंच भांडवल, आणि ट्राम रिकाम्या धावल्या. २८ ऑक्टोबरला, स्वातंत्र्यदिनी, तसाच निरोप फिरला : ठेवणीतले कपडे घाला, तिरंगी फीत लावा. लोक रस्त्यावर आले. गोळीबारात वात्स्लाव सेद्लाचेक हा तरुण कामगार ठार झाला आणि वैद्यकीचा विद्यार्थी यान ओप्लेताल जखमी होऊन पुढे वारला. त्याच्या अंत्ययात्रेतून पुन्हा निदर्शनं झाली. १७ नोव्हेंबरला जर्मनांनी चेक विद्यापीठं बंद केली, नऊ जणांना गोळ्या घातल्या आणि सुमारे १२०० विद्यार्थ्यांना साक्सनहाउझेनच्या छावणीत पाठवलं. कुजबुजीत किती ताकद होती आणि तिची किती किंमत मोजावी लागली, या दोन्हींची साक्ष त्या एका शरद ऋतूत मिळते.

हायड्रिखने चेक राजमुकुट डोक्यावर घातला म्हणून तो मेला, हे खरं का?

तसा कोणताही पुरावा नाही. खरं एवढंच, की १९ नोव्हेंबर १९४१ ला प्रागच्या संत व्हिटस कॅथेड्रलमध्ये राजचिन्हांच्या दालनाच्या सात किल्ल्या हाखांनी हायड्रिखच्या हवाली केल्या आणि त्याने त्यातल्या तीन हाखांना परत दिल्या. दोघे राजचिन्हांपुढे उभे असलेली छायाचित्रं आहेत.

पण जुनी श्रद्धा अशी की संत वात्स्लावचा मुकुट हक्क नसताना जो डोक्यावर घालील तो वर्षाच्या आत मरेल. २७ मे १९४२ ला हायड्रिखवर हल्ला झाला आणि ४ जूनला तो मेला. किल्ल्यांच्या समारंभाला सात महिनेही झाले नव्हते. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याचा दहा वर्षांचा मुलगा क्लाउस वाहनाखाली सापडून गेला, आणि कथेत भर पडली की त्यानेही मुकुट घालून पाहिला होता. एका मुलाच्या मृत्यूचा असा हिशेब मांडणं मला रुचत नाही. मात्र हे कथानक का धरलं जातं ते समजतं. ज्यांच्या हातात न्यायालय नव्हतं, त्यांना कुठेतरी न्याय झाल्याचं ऐकायचं होतं.

हायड्रिखच्या हत्येनंतर ‘दर दहावा चेक मारणार’ अशी अफवा होती. ती कुणी पसरवली?

ती भीती खरोखरच पसरली होती, आणि तिला आधारही होता. हल्ल्याच्या दिवशीच हिटलरने दहा हजार चेक ओलीस धरण्याचा हुकूम दिला होता. फ्रांकने बर्लिनला जाऊन सरसकट कत्तल टाळायला लावली, ती दयेपोटी नव्हे, शस्त्रांचे कारखाने चालू राहावेत म्हणून. लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसत होते ते लाल जाहीरनामे आणि ऐकू येत होत्या रेडिओवर वाचल्या जाणाऱ्या, गोळ्या घातलेल्यांच्या याद्या. कित्येकांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी ‘हल्ल्याचं समर्थन केलं’. दुकानात निघालेलं एखादं वाक्य त्याला पुरायचं. त्या काही आठवड्यांत हजाराहून अधिक माणसं मारली गेली.

१० जूनला लिदित्से गाव जमीनदोस्त केलं. तिथल्या १७३ पुरुषांना जागेवरच गोळ्या घातल्या, बायकांना छावणीत पाठवलं, बहुतेक मुलांना पुढे मारलं. आणि ही बातमी कुजबुजीतून आली नाही, जर्मनांनी स्वतः जाहीर केली. आता शंकेला जागा राहू द्यायची नव्हती. मारेकऱ्यांना शोधून देण्याची मुदत १८ जूनपर्यंत होती आणि ती टळली तर दहातला एक जाणार, असं जो तो बोलत होता. १६ जूनला कारेल चुर्दा हा छत्रीधारी सैनिक स्वतःहून गेस्टापोत गेला आणि त्याच्या माहितीवरून माग काढत जर्मन, हल्ला करणारे जिथे लपले होते त्या प्रागमधल्या चर्चपर्यंत पोचले. ही अफवा कुणी मुद्दाम सोडली असो वा नसो, तिने काम जर्मनांचं केलं.

लंडनच्या रेडिओने लोकांना काही करायला लावलं का?

सर्वांत यशस्वी ठरला तो १४ ते २१ सप्टेंबर १९४१ चा वर्तमानपत्र-बहिष्कार. लंडनने सांगितलं, आठवडाभर सरकारी पत्रं विकत घेऊ नका. खप धाडकन खाली आला. कुणी घोषणा दिली नाही, कुणी रस्त्यावर आलं नाही, फक्त पेपरच्या टपरीजवळून न थांबता पुढे गेले. कोणाला पकडणार? किती लोक लंडन ऐकतात हे जर्मनांना त्या आठवड्यात उघड कळलं.

पण पुढचंही सांगायला हवं. आठवड्याभरात, २७ सप्टेंबरला, हायड्रिख प्रागला आला. त्याच्या नेमणुकीमागे घातपात आणि संपही होते, पण बहिष्काराने भर घातलीच. त्याच दिवशी पंतप्रधान आलोइस एलियाश यांना अटक झाली. ते गुपचूप लंडनशी संपर्क ठेवून होते. दुसऱ्या दिवसापासून मार्शल लॉ लागू झाला आणि चारशेहून अधिक लोकांना मृत्युदंड झाले. लंडनच्या स्टुडिओतून सांगणारे सुरक्षित होते आणि ऐकणारे नव्हते, ही सल तेव्हाच्या लोकांत होती आणि ती रास्त होती.

छोट्या गोष्टीही चालत. ‘नारोद्नी सोउरुचेन्स्त्वी’ (राष्ट्रीय एकजूट) या परवानगी असलेल्या एकमेव चेक राजकीय संघटनेचा ‘एनएस’ अक्षरांचा बिल्ला काही जण उलटा लावत. मग त्याचं ‘एसएन’ व्हायचं, म्हणजे चेकमध्ये ‘जर्मनांना मृत्यू’.

‘व्ही’ चिन्हाची मोहीम चेक प्रदेशात होती का?

होती. बीबीसीच्या बेल्जियन विभागातून १९४१ च्या जानेवारीत निघालेली ती कल्पना उन्हाळ्यापर्यंत सगळ्या युरोपात गेली. भिंतींवर खडूने ‘व्ही’, दारावर तीन लहान आणि एक लांब टकटक, म्हणजे मोर्स संकेतातला ‘व्ही’. पुसून संपेना, तेव्हा जर्मनांनी ते चिन्हच आपलं म्हणून जाहीर केलं. प्रागमध्ये मोठमोठे ‘व्ही’ लागले, जर्मनी सगळ्या आघाड्यांवर जिंकत असल्याच्या घोषणेसह. त्यानंतर खडूचा ‘व्ही’ कुणाचा हे कोण सांगणार? प्रचाराच्या लढाईत ही खेळी जर्मनांनी मारली.

जर्मनांचा चेक भाषेतला प्रचार कसा होता?

त्याचा चेहरा एमानुएल मोरावेत्स. पूर्वीचा लष्करी अधिकारी, प्रजासत्ताकाचा कडवा समर्थक, म्युनिकनंतर पार उलटला. जानेवारी १९४२ पासून शिक्षणमंत्री. त्याची रेडिओवरची भाषणं तर्कशुद्ध असायची, त्यामुळेच लोकांना ती जास्त लागायची. ५ मे १९४५ ला त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

रेडिओवर राजकीय प्रहसनंही होत, ज्यू-द्वेषाने भरलेली आणि लंडनच्या मंडळींची टर उडवणारी. डिसेंबर १९४१ मधल्या एका प्रहसनात देशाचा सर्वांत लाडका विनोदी नट व्लास्ता बुरियान याने यान मासारिक यांची भूमिका केली. युद्धानंतर त्याला तुरुंग, दंड आणि रंगमंचबंदी भोगावी लागली. त्याच्यावर दबाव होता हे खरं. पण त्या आवाजावर लोकांचं प्रेम होतं म्हणूनच तो आवाज निवडला गेला, हेही तितकंच खरं.

मॉस्कोचा रेडिओही लोक ऐकायचे का?

हो, पण त्याची भाषा काळानुसार बदलली. ऑगस्ट १९३९ च्या हिटलर-स्तालिन करारापासून जून १९४१ पर्यंत मॉस्कोच्या लेखी हे साम्राज्यवाद्यांचं आपसातलं युद्ध होतं. जर्मनीने हल्ला केल्यावर सूर पालटला. इतिहासकार झ्देनेक नेयेद्ली तिथून बोलत. नंतरच्या वर्षांत मॉस्को सांगे, आता शस्त्र उचला, तर लंडन सांगे, वेळ येईपर्यंत शक्ती राखा. एकाच घरात दोन्ही आवाज ऐकले जात आणि त्यावरून वाद होत.

लंडनने लोकांना खोटं सांगितलं का?

बीबीसीने पराभव लपवले नाहीत, आणि तिच्यावरचा विश्वास मुख्यतः त्यातूनच आला. १९४० मध्ये फ्रान्स पडला तेही तिने सांगितलं. ज्या पेटीतून वाईट बातमी येते, तिच्यातून आलेली चांगली बातमी पटते.

पण सगळं सांगितलं असं मात्र नाही. हायड्रिखवर हल्ला करणारे गाब्चिक आणि कुबिश हे इंग्लंडहून विमानाने आणून उतरवलेले सैनिक होते. लंडनने युद्धकाळात ही जबाबदारी घेतली नाही, ते देशांतर्गत प्रतिकाराचं कृत्य म्हणूनच मांडलं. हायड्रिखच्या हत्येचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला त्यांना हे कळायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं. याखेरीज ब्रिटिशांच्या मानसिक युद्ध विभागात अफवा रीतसर तयार करून युरोपभर सोडल्या जात. तो बीबीसीपासून वेगळा ठेवलेला उद्योग होता.

ज्यूंच्या हत्याकांडाची बातमी या वाटेने पोचली का?

पोचली, पण तिच्यावर विश्वास ठेवणं माणसाला झेपत नव्हतं. दोस्त राष्ट्रांनी १७ डिसेंबर १९४२ ला संयुक्त निवेदन काढून हत्याकांड जाहीर केलं आणि बीबीसीने ते प्रसारित केलं. ज्यूंना कोंडून ठेवलेल्या तेरेझीनच्या घेट्टोत मात्र रेडिओ नव्हता. तिथे ऐकीव बातम्यांना ‘बोंके’ म्हणत आणि दिवसाला नव्या बोंके उठत : अमुक जवळ आले, पूर्वेकडच्या छावण्यांत माणसं नेणाऱ्या गाड्या थांबणार.

एप्रिल १९४४ मध्ये वितेझ्स्लाव लेडेरर हा कैदी एका एसएस शिपायाच्या मदतीने आउश्वित्झमधून निसटला आणि चक्क तेरेझीनला येऊन त्याने तिथे काय चाललं आहे ते सांगितलं. ज्या मोजक्या लोकांना त्याने सांगितलं त्यांना ते खरं वाटेना. जीव धोक्यात घालून आणलेली डोळ्यांदेखतची साक्ष, आणि तीही बोंकेच्या ढिगात पडली. जून १९४४ मध्ये आउश्वित्झमधल्या तेरेझीनकरांच्या ‘कुटुंब छावणी’वर मृत्यूचं सावट आहे असा इशारा बीबीसीवरून गेला. जुलैमध्ये ती छावणी संपवली आणि हजारो जणांना गॅसने मारलं. चेक प्रदेशातले सुमारे ८० हजार ज्यू या युद्धात मारले गेले.

गेस्टापोला रेडिओ ऐकणारे कसे सापडत?

बहुतेक वेळा तंत्राने नव्हे, माणसांकडून. शेजाऱ्याचं निनावी पत्र, सोडलेला प्रियकर, जागेवरून भांडलेला भाडेकरू. जर्मनांची गुप्तचर शाखा लोकांच्या मनःस्थितीचे अहवालही नियमित तयार करी, कोणती अफवा कुठे चालली आहे याच्या नोंदींसह. छळणाऱ्याने ठेवलेले हेच कागद आज अभ्यासकांच्या कामी येतात. ते वाचताना एक ध्यानात ठेवावं लागतं : लिहिणाऱ्याला वरिष्ठांना काय दाखवायचं होतं, त्याचा रंग त्या कागदांवर आहे.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी काही संबंध येतो का?

थेट नाही. पण ज्या जर्मनीत परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा होता, तिथूनच सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ भारतासाठी बोलत होता आणि त्यावर मराठीतही कार्यक्रम होत. १९४२ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवत होते. ते वृत्तपत्रांवर आलेल्या बंधनांना दिलेलं उत्तर होतं, आणि प्रागमधलं कोणीही त्यामागचं कारण लगेच ओळखलं असतं.

मे १९४५ मध्ये रेडिओने उठाव पेटवला असं म्हणतात. ते कसं?

५ मेच्या सकाळी प्राग रेडिओवर सहा वाजल्याची वेळ निवेदकाने अर्धी जर्मन, अर्धी चेक अशी सांगितली आणि तिथून पुढे निवेदन फक्त चेकमध्ये. सहा वर्षं सक्तीची असलेली जर्मन भाषा एकाएकी गायब झाल्याचं घरोघरी ऐकू आलं. दुपारी साडेबाराच्या सुमाराला इमारतीत गोळीबार सुरू असताना हाक गेली : चेक पोलीस, चेक जेंडार्म, सरकारी सैन्य, रेडिओच्या मदतीला या. लोक विनोह्राडीतल्या त्या इमारतीकडे धावले.

पुढचे चार दिवस अफवांचे. अमेरिकन जनरल पॅटनचं सैन्य ६ मेला प्रागच्या पश्चिमेकडच्या प्लझेन शहरात पोचलं होतं, म्हणून अमेरिकन रणगाडे आता आलेच, आता आलेच, असं शहरभर चाललं होतं. बॅरिकेडवरच्या माणसांनी त्या आशेवर तग धरली. प्राग रेडिओ इंग्रजीत आणि रशियनमध्ये मदतीच्या हाका देत होता. अमेरिकन गाड्या खरोखर शहरात दिसल्याही आणि लोकांनी जल्लोष केला. पण ते जर्मन सेनापतीकडे शरणागतीचा निरोप घेऊन चाललेलं छोटं पथक होतं, ते तसंच पुढे गेलं. रशियनांशी ठरलेल्या रेषेवर अमेरिकन सैन्य थांबवलं होतं, आणि हे बॅरिकेडवर कुणालाही माहीत नव्हतं. ९ मेला रशियन सैन्य शहरात आलं. प्लझेनला थांबलेल्या अमेरिकनांचा प्रश्न चेक घरांत पुढे अनेक दशकं निघत राहिला.

युद्ध संपल्यावर चोरून ऐकायची सवय सुटली का?

तीन वर्षांत पुन्हा लागली. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. मार्चमध्ये यान मासारिक यांचा मृतदेह चेर्निन प्रासादाच्या अंगणात, खिडकीखाली सापडला. लंडनहून ‘पावेल स्वाती’ म्हणून बोलणारे दर्तिना तोवर न्यायमंत्री होते. त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला, वाचले, आणि १९६० पर्यंत तुरुंगात राहिले. लंडनच्या त्याच प्रसारणात निवेदक असलेले पावेल टिग्रिड पुन्हा देश सोडून गेले आणि १ मे १९५१ ला म्युनिकहून रेडिओ फ्री युरोप या अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या स्टेशनचं नियमित चेकोस्लोवाक प्रसारण सुरू झालं तेव्हा त्याच्या कार्यक्रमांची धुरा त्यांच्याकडे होती. नव्या सरकारनेही त्यावर गोंगाट सोडायला सुरुवात केली. बीबीसीची चेक सेवा २००६ पर्यंत चालू राहिली.